कोराडीच्या विजेवर वस्तीत सभा घ्यायची असेल तर

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नागपुरातील आमच्या ले-आउटच्या समाजभवनात आम्ही 'कोळसा हवा की नको' या विषयावर नागरिकांची सभा बोलावली होती. पंधरा मिनिटांतच सभेत दोन तट पडले. एका बाजूला गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावरची काळसर भुकटी कागदाच्या पुडीत बांधून आणलेले लोक होते आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या घरची चूल दोन पिढ्या कोराडीच्या कोळशावरील वीज केंद्राच्या पगारावर पेटली असे लोक होते. तासाभराने चहा झाला, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या आणि इतिवृत्ताच्या वहीत तारखेखेरीज काहीही उरले नाही. दोष लोकांचा नव्हता. आम्ही प्रश्नच असा विचारला होता की त्याला बाजू घेण्यापलीकडे उत्तर देता येत नव्हते. त्यानंतरच्या सभा थोड्या बऱ्या झाल्या आणि एक-दोन तर खरोखर चांगल्या झाल्या. त्या अनुभवातून हाती आलेली पद्धत येथे मांडत आहे.

प्रश्न वर्षांचा करावा

औष्णिक संचाच्या, म्हणजे कोळसा जाळून वीज बनविणाऱ्या यंत्रसमूहाच्या, विजेचे खरेदी करार साधारणपणे २५ वर्षांचे असतात. म्हणजे आज मंजुरी मिळून चार-पाच वर्षांनी सुरू होणारा संच २०५५च्या आसपासपर्यंत वीज देणार, राख टाकणार आणि त्याचे पैसे मागणार. म्हणून सभेच्या सूचनेत विषय लिहिताना 'कोळसा' या शब्दापाशी थांबू नये. 'कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभे राहिल्यास पुढील २५ वर्षांत त्यांची किंमत कोण मोजेल, त्यांची राख कोठे जाईल आणि ते उभे न राहिल्यास उन्हाळ्यातील रात्रीची वीज कोठून येईल' असा विषय लिहावा. वाक्य लांबट होते, फलकावर मावत नाही, पण या तीनही प्रश्नांवर दोन्ही बाजूंना बोलावे लागते. शेवटचा प्रश्न गाळण्याचा मोह विरोधकांना होतो आणि पहिला गाळण्याचा मोह समर्थकांना होतो, त्यामुळे तीनही ठेवावेत.

सूचनेबरोबर परिसराचे चित्र देणाऱ्या चार गोष्टी द्याव्यात. शहराच्या उत्तरेस कोराडी येथे महानिर्मितीचे, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचे, २१९० मेगावॅट क्षमतेचे केंद्र आहे, ज्यात ६६० मेगावॅटचे तीन आणि २१० मेगावॅटचा एक संच येतो. त्याच्या शेजारी खापरखेड्याला १३४० मेगावॅट आहेत. पूर्वेस मौद्याला एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचे २३२० मेगावॅटचे केंद्र आहे. कोळसा पुरविणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय तर शहरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. एवढे वाचले की सभेला येणाऱ्याच्या लक्षात येते की आपण कोठल्या तरी दूरच्या धुराविषयी बोलणार नाही आहोत.

सही कोणाची आहे ते आधी शोधावे

आमच्या पहिल्या सभेतील निम्मा वेळ 'महापालिका काय करते आहे' यात गेला. वस्तुतः वीज खरेदीचा करार महापालिका करीत नाही. वीज महानिर्मिती बनविते, ती महावितरण विकत घेते, त्या खरेदीला आणि दराला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग मान्यता देतो आणि प्रकल्पासाठीच्या भांडवलाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाच्या टेबलावर होतो. कोळशावरील ५०० मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडून येते, मात्र त्यासाठीची जनसुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते. केंद्र चालविण्याचे जल व वायू कायद्यांखालील संमतिपत्रही हेच मंडळ देते. ही साखळी एका कागदावर काढून भिंतीवर लावावी आणि प्रत्येक तक्रार कोणत्या कडीपाशी जाते ते सभेतच ठरवावे. बिलाची तक्रार प्रदूषण मंडळाकडे आणि राखेची तक्रार नियामक आयोगाकडे पाठविण्यात नागपूरकरांची बरीच शाई वाया गेली आहे.

महापालिकेचा संबंध अगदीच नाही असे मात्र समजू नये. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या संचांना थंड करण्यासाठी दिले जाते आणि त्याचे पैसे महापालिकेला मिळतात. पेंच धरणाचे पिण्याचे पाणी त्यामुळे वाचते, हे चांगलेच आहे. परंतु शहराच्या सांडपाण्याचे उत्पन्न वीज केंद्राच्या आयुष्याशी बांधले गेले, हीदेखील एक दीर्घकालीन बांधिलकीच आहे आणि ती नगरसेवकांना विचारता येते. हा करार किती वर्षांचा आहे, पाण्याचा दर काय आणि केंद्राने पाणी कमी उचलले तर काय होते, हे विचारणारा माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कात करता येतो. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते, म्हणून अर्ज सभेच्या किमान दीड महिना आधी टाकावा.

बिल आणि एक हिशेब

सभेला येताना प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे. ही एकच गोष्ट करायची असली तरी चालेल, इतका तिचा उपयोग होतो. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी दिसतात. यातील वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे, कोळशाशी त्याचा संबंध नाही. इंधन समायोजन आकार कमी-जास्त होतो तो प्रामुख्याने इंधनाचा आणि बाहेरून घेतलेल्या विजेचा खर्च बदलल्यामुळे. लोक चुकतात ते 'स्थिर आकार' या ओळीपाशी. संच चालो वा न चालो, त्याला द्यावी लागणारी स्थिर किंमत म्हणजे हीच ओळ, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. संचांची स्थिर किंमत महावितरणच्या एकूण खर्चात मिसळते आणि बिलाच्या वेगवेगळ्या ओळींतून वसूल होते, म्हणून ती बिलावर वेगळी दिसतच नाही. ती दिसत नाही, हाच खरा मुद्दा आहे.

तो समजावण्यासाठी फळ्यावर पुढील हिशेब करावा. ६६० मेगावॅटचा एक संच वर्षभर ८५ टक्के क्षमतेने चालला तर ६६० गुणिले ८७६० तास गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे ४९१ कोटी युनिट वीज होते. समजा, कर्ज, व्याज, नफा, देखभाल असा त्याचा स्थिर खर्च त्या वेळी युनिटमागे २ रुपये पडतो. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे. खरा आकडा आयोगाच्या दर आदेशात सापडतो आणि सभेत तोच वापरावा.) म्हणजे वर्षाला सुमारे ९८२ कोटी रुपये. पुढे दिवसा सौर वीज स्वस्त मिळू लागली आणि हाच संच ६० टक्क्यांवर आला, तर युनिटे सुमारे ३४७ कोटी उरतात. परंतु संच 'उपलब्ध' आहे, म्हणजे मागितल्यास वीज देऊ शकतो, असे केंद्राने दाखविले की स्थिर खर्च साधारण तेवढाच द्यावा लागतो, म्हणून तोच बोजा युनिटमागे सुमारे २ रुपये ८३ पैशांवर जातो. कोळशाचा खर्च त्यावर वेगळा. कोळसा कमी जळला, धूर कमी झाला, तरी बांधिलकीची किंमत उतरत नाही. आमच्या एका सभेत हा हिशेब इतवारीतील एका किराणा व्यापाऱ्यांनी एका वाक्यात सांगितला: 'गोदाम भाड्याने घेतले, माल ठेवला नाही, तरी भाडे द्यावेच लागते.' त्यानंतर तो मुद्दा पुन्हा समजावावा लागला नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडावी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो आणि कूलर, एसी सूर्य मावळल्यावर बंद होत नाहीत. सौर वीज नेमकी तेव्हाच नसते. शेतीपंप दिवसाच्या सौर विजेवर नेण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, घरांच्या छपरांसाठी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे, जिच्यात ३ किलोवॅटपर्यंत कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते, परंतु या दोन्हींतून रात्री दहाची वीज आपोआप येत नाही. त्यासाठी बॅटरी किंवा उदंचन जलविद्युत (पाणी वर चढवून ठेवायचे आणि हवे तेव्हा सोडून वीज करायची) यांसारखी साठवण लागते आणि तिचीही किंमत असते. माझे वैयक्तिक मत असे की शहराच्या इतक्या जवळ आणखी २५ वर्षांचा स्थिर बोजा उचलण्याची घाई करू नये. पण आमच्या बाजूच्या बहुतेक वक्त्यांजवळ रात्री दहाच्या प्रश्नाचे उत्तर तयार नसते, हेही मला मान्य केले पाहिजे. ते उत्तर तयार करूनच सभेला यावे.

राखेविषयी बोलताना

येथे सर्वाधिक भावना असतात आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. टाकीच्या झाकणावरची प्रत्येक भुकटी केंद्राची राख नसते. शहरात वर्षानुवर्षे सिमेंटचे रस्ते आणि इमारतींची कामे चालू आहेत, वाहनांची काजळी आहे, हिवाळ्यात शेकोट्या आहेत. पुडी उघडून 'ही बघा राख' म्हटले की समोरचा अभियंता शांतपणे 'कशावरून' एवढेच विचारतो आणि आपण निरुत्तर होतो.

यावर एक साधा उपाय आहे. चिमणीवाटे उडणारी राख भट्टीच्या प्रचंड उष्णतेत वितळून पुन्हा घट्ट झालेली असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बरेचसे कण काचेच्या मण्यांसारखे गोल दिसतात. रस्त्याची धूळ आणि दगडाची भुकटी कोनदार, खडबडीत दिसते. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विनंती केल्यास नमुना पाहून मिळतो. आम्ही पाच गच्च्यांवरचे नमुने नेले होते. दोनांत गोल कण भरपूर होते, एकात थोडे होते आणि उरलेल्या दोनांत चक्क सिमेंट व माती होती. ज्यांची पुडी सिमेंटची निघाली ते काका सभेत सर्वांत जास्त ओरडले होते. तेव्हापासून ते नमुन्यावर तारीख, गच्चीचा पत्ता आणि वाऱ्याची दिशा लिहिल्याशिवाय पुडी बांधत नाहीत. हा पुरावा न्यायालयात टिकणारा नाही, परंतु कोणता प्रश्न पुढे न्यायचा ते ठरविण्यास पुरेसा आहे.

राखेच्या परिमाणाचा अंदाज सभेत द्यावा. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा आणि कोळशात ३५ टक्के राख असे ढोबळ धरले, तर वर सांगितलेला एक संच वर्षाला सुमारे ३२ लाख टन कोळसा जाळतो आणि त्याची सुमारे ११ लाख टन राख होते. ती कोठे जाते? काही सिमेंट कारखान्यांत, विटांत, रस्त्यांच्या भरावात जाते आणि उरलेली पाण्यात कालवून राखबंधाऱ्यात सोडली जाते. ३१ डिसेंबर २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेने केंद्रांवर १०० टक्के राख वापरात आणण्याचे बंधन घातले आहे आणि जुन्या साठ्याचाही निकाल लावण्यास सांगितले आहे. तरीही जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व ओढ्या-नद्यांत शिरले. या घटनेचा उल्लेख संतापाने करण्यापेक्षा प्रश्नाच्या रूपात करावा: नव्या संचांची राख त्याच बंधाऱ्यांत जाणार का, त्यांची शिल्लक क्षमता किती आणि त्यांची उंची वाढविणार असल्यास त्याचा आराखडा कोणी तपासला?

हवेविषयीचा प्रश्नही असाच नेमका हवा. २०१५च्या अधिसूचनेने जानेवारी २०१७ नंतर बसविलेल्या संचांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम आणि धूलिकणांची ३० मिलिग्रॅम ठेवली. सल्फर धुऊन काढणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे एफजीडीची, मुदत मात्र पुन्हापुन्हा वाढत गेली. जुलै २०२५च्या अधिसूचनेनंतर तर तिची सक्ती केंद्र कोणत्या वर्गात बसते यावर अवलंबून आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रे पहिल्या, म्हणजे सक्तीच्या वर्गात येतात. २०११च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. तेव्हा विचारायचे ते इतकेच की हे १० किलोमीटर कोठून कोठे मोजले, सीताबर्डीपासून की महापालिकेच्या हद्दीपासून. मानकापूर किंवा जरीपटक्यात राहणाऱ्याला या एका ओळीने बराच फरक पडतो.

सभेची बैठक

अध्यक्ष दोन्ही बाजूंना चालेल असा असावा. निवृत्त मुख्याध्यापक किंवा न्यायालयात काम केलेली व्यक्ती उत्तम. केंद्रातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांना अध्यक्ष करू नये, पण त्यांना आवर्जून बोलवावे, कारण संच आतून कसा चालतो हे सांगणारा दुसरा कोणी नसतो. सुरादेवी, खसाळा, वारेगाव, नांदगाव या बाजूच्या शेतकऱ्यांना बोलाविले नाही तर सभा शहरी लोकांचे मनोरंजन ठरते. त्यांच्या येण्याजाण्याची सोय आपण करावी आणि सभा पेरणीच्या दिवसांत ठेवू नये. केंद्रातील कंत्राटी कामगार सर्वांसमोर बोलत नाहीत, त्यांचे पोट तेथे आहे. त्यांच्यासाठी दाराशी एक डबा ठेवावा, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाकावा आणि अध्यक्षांनी तो वाचावा. आमच्याकडे सर्वांत उपयोगी प्रश्न याच डब्यातून आला: 'जुना संच बंद झाला तेव्हा आमच्यापैकी किती जणांना दुसरीकडे काम मिळाले?' त्याचे उत्तर व्यासपीठावरील कोणापाशीच नव्हते. वक्त्याला पाच मिनिटे द्यावीत आणि घड्याळ एखाद्या शाळकरी मुलीच्या हाती द्यावे. मोठ्यांना तिच्यावर ओरडता येत नाही.

जनसुनावणीत बोलण्याची तयारी

वस्तीतील सभेचे खरे फळ जनसुनावणीत दिसते. कोराडीच्या प्रस्तावित संचांची सुनावणी २९ मे २०२३ रोजी, ऐन उन्हाळ्यात झाली होती. पुढील कोणत्याही सुनावणीसाठी २००६च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेतील काही गोष्टी पाठ असाव्यात. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका अशा ठिकाणी पाहण्यासाठी ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीतही असतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जा नसलेला अधिकारी असतो. गणसंख्येची अट नाही, म्हणजे सभागृह रिकामे राहिले तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. बहिष्काराचा विचार करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मसुदा अहवाल शेकडो पानांचा असतो आणि तो सर्व वाचण्याची गरज नसते. प्रथम हवेचे मोजमाप कोणत्या महिन्यांत केले ते पाहावे, कारण ते सहसा पावसाळा सोडून एकाच ऋतूचे असते. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर खालीच रेंगाळतो, तर उन्हाळ्यातील मोजमापात हवा पुष्कळ स्वच्छ दिसू शकते. नंतर १० किलोमीटर परिघाच्या नकाशात मोजमापाची केंद्रे कोठे आहेत आणि त्यात शहराची किती आहेत ते पाहावे. तिसरे, राखेच्या प्रकरणातील आकडा आपल्या ढोबळ हिशेबाशी ताडून पाहावा.

'प्रदूषण फार वाढले आहे, प्रकल्प रद्द करावा' हे वाक्य इतिवृत्तात एका ओळीत संपते. त्याऐवजी असे म्हणावे: 'मसुद्याच्या अमुक पानावर हवेचे मोजमाप मार्च ते मे या काळातील आहे. हिवाळ्यातील मोजमाप का घेतले नाही आणि ते घेऊन अहवाल पुन्हा सादर करणार का, याचे उत्तर लेखी मिळावे.' प्रकल्पाकडून उत्तर मिळविण्याचा हक्क प्रत्येक उपस्थिताला आहे. सुनावणीच्या शेवटी नोंदलेले मुद्दे मराठीत वाचून दाखविणे बंधनकारक आहे. उन्हाने आणि भुकेने लोक त्याआधीच निघून जातात, म्हणून प्रत्येक वस्तीतील दोघांनी शेवटपर्यंत थांबून आपला मुद्दा वाचला गेला की नाही ते ऐकावे आणि राहिला असल्यास तेथेच उठून सांगावे. लेखी निवेदन वेगळे द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.

दराची बाजू नियामक आयोगापुढे मांडावी लागते. महावितरण किंवा महानिर्मितीची दर याचिका आली की आयोग हरकती व सूचना मागवितो. त्या आयोगाच्या संकेतस्थळावरूनही देता येतात, आणि प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन सुनावणीत बोलण्याची इच्छा तेव्हाच नमूद करावी लागते. तेथे राखेचे छायाचित्र दाखवू नये. तेथे वर सांगितलेला गोदामाचा हिशेब मांडावा आणि नव्या संचाची गरज ठरविताना संध्याकाळची मागणी साठवणीतून भागविण्याचा पर्याय किती खर्चाचा धरला, हे विचारावे.

मंजुरी मिळाल्यानंतर

पर्यावरण मंजुरी मिळाली तर तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. त्यासाठी वकील, पैसे आणि मुख्यतः जनसुनावणीत नोंदलेला आपला मुद्दा लागतो. तो नसेल तर अपिलात बळ राहत नाही.

अपील न करणाऱ्यांनाही काम उरते. मंजुरीच्या अटींचे पालन कसे झाले याचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबर रोजी सादर करायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. आमच्या समितीच्या वहीत या दोन तारखा पहिल्या पानावर लिहिलेल्या आहेत. दर वेळी दोघे जण अहवाल उतरवून घेतात, राखेच्या वापराची टक्केवारी मागच्या अहवालाशेजारी लिहितात आणि फरक दिसला तर प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला एक पानी पत्र देऊन त्याची पोच त्याच वहीत चिकटवतात.